अडतीस नंबरचा डाव

मित्रांनो, मी इतिहास घडताना पाहिला आहे. मेस्कीट बेंडच्या शाळेच्या मैदानावर गेल्या एकोणीस वर्षांत झालेली प्रत्येक लढाई माझ्या साक्षीने झाली. खरे सांगायचे तर लढाई चालू असताना मी बहुतेक वेळ कोच व्हर्लिन टॅकेट यांच्या डाव्या काखेत असे. त्यामुळे इतिहासाचा मोठा भाग मला दिसला नाही. वास मात्र सगळा आला.

मी एक जुना चिमट्याचा पुठ्ठा आहे. परीक्षेला जाताना तुम्ही जे पॅड घेऊन जाता, तीच आमची जात. लाकडाचा भुसा तापवून, दाबून मला केले आणि वर एक पोलादी चिमटा बसवला. टॅकेटांना कोचची नोकरी लागली त्या दिवशी त्यांच्या बायकोने, जोलीनबाईंनी, मला औषधांच्या दुकानातून आणले आणि माझ्या पाठीवर लाल नखरंगाने 'टॅकेट' असे लिहिले. ते नाव अजून आहे. तो नखरंग जोलीनबाईंना पुन्हा कधी मिळाला नाही, हे त्या वर्षातून एकदा तरी बोलून दाखवतात.

आमच्याकडचा फुटबॉल हाताने खेळतात. चेंडू अंड्यासारखा असतो. प्रत्येक डावाआधी खेळ थांबतो, आणि आता काय करायचे ते कोच ठरवतात. माझ्या चिमट्यात एक कागद असे आणि त्यावर पन्नास डाव, नंबर घालून. कोच त्यातला एक निवडत, लाल पेन्सिलीने त्याला गोल करत आणि हातांनी खुणा करून मैदानात कळवत. कधी कान धरायचा, कधी टोपी, कधी दोन्ही कोपरे. दुरून पाहणाऱ्याला वाटे, मुंग्या चावल्या. मैदानावर त्या खुणा वाचणारा पोरगा एकच, क्वार्टरबॅक. तो बाकीच्या दहा जणांना डाव सांगतो, आणि चेंडू पहिल्यांदा त्याच्याच हातात येतो.

कोचची एक रीत होती. जिंकलेल्या सामन्याचा कागद जोलीनबाई फ्रिजच्या दारावर लावत. हरलेल्या सामन्याचा कागद मात्र पुढचा विजय मिळेपर्यंत माझ्या चिमट्यातून काढायचा नाही. नवे कागद त्याच्यावर लागत. तो तळाशी राही. काढला की नाट लागते, असे कोच मानत. चर्चमध्ये त्यांनी हे कधी कबूल केले नसते, पण चर्चमध्ये कुणी विचारलेही नसते.

ही रीत लक्षात ठेवा. माझी सगळी भीती तिच्यातून आली.

त्या नोव्हेंबरात शेवटचा सामना सॉल्ट वेल गावाशी, त्यांच्याच मैदानावर होता. चार गुणांनी आम्ही पुढे होतो. एक मिनिट दहा सेकंद उरले होते आणि चेंडू आमच्याकडे होता. आमच्या क्वार्टरबॅकने, एलिसेओ बाकाने, चेंडू पोटाशी धरून दोन-तीनदा गुडघा टेकला असता तर घड्याळ संपले असते आणि आम्ही जिंकलो असतो. सगळ्या जगात हेच करतात. पण मेस्कीट बेंडमध्ये गुडघा टेकणे म्हणजे भित्रेपणा. मागे एकदा कोचनी तसे करून सामना जिंकला, तर स्वतःच्याच लोकांनी हुर्यो उडवली होती.

तेवढ्यात स्टँडमधून डॉयल क्रेनशॉ गरजले. ते गुराढोरांच्या खाद्याचे दुकानदार आणि शाळेच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष.

"कोच! गुडघा टेकशील तर उद्या माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस!"

कोचच्या अंगठ्याला घाम सुटलेला मला कळला. पेन्सिल माझ्यावरून वर गेली, खाली आली आणि अडतीस नंबरच्या डावाभोवती फिरली. लांब पास. एलिसेओने खूण पाहिली. त्याने मान किंचित वाकडी केली, जणू विचारत होता, नक्की का? कोचनी पुन्हा तीच खूण केली. पोराने चेंडू फेकला. तो सॉल्ट वेलच्या पोराने मधल्यामध्ये पकडला आणि थेट आमच्या रेषेपलीकडे नेला. सहा गुण त्यांना, आणि सामनाही त्यांना.

सामन्यानंतर गावच्या रेडिओवाल्याने कोचच्या तोंडासमोर माईक धरला. "कोच, तो पास कुणी सांगितला?"

मी काखेत होतो. छातीचे ठोके माझ्या पाठीवर पडत होते. मग कोच म्हणाले, "मी तर चेंडू घेऊन पळायचा डाव सांगितला होता. पोराने खूण चुकीची वाचली. लहान आहे. त्याला कुणी बोलू नका."

मित्रांनो, या वाक्यातला शेवटचा भाग सर्वांत वाईट होता. तो फार प्रेमाने म्हटलेला होता.

परतीच्या बसमध्ये रेडिओ चालू होता. सगळ्या संघाने ते ऐकले. एलिसेओ तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने कोचकडे पाहिले आणि मग आपल्या हातांकडे पाहिले. उतरताना कोच त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तू समजूतदार आहेस." तो म्हणाला, "हो, सर." आमच्याकडची पोरे कोचला दुसरे काही म्हणतच नाहीत.

आमच्या गावात हरल्यावर आणखी एक प्रथा आहे. लोक रातोरात 'घर विकणे आहे'चे फलक आणून कोचच्या अंगणात रोवतात. म्हणजे, बाबा, गाव सोड. कोचनी एकोणीस वर्षांत असे फलक पुष्कळ उपटले होते. त्या सकाळी ते पायजम्यावरच बाहेर आले. अंगण मोकळे होते. फलक गावाच्या दुसऱ्या टोकाला, टायरवाल्या बाकांच्या, म्हणजे एलिसेओच्या, घरासमोर लागले होते. तीन.

कोच आत आले आणि दोन अंडी जास्त खाऊन गेले. नंतर मात्र बराच वेळ न्हाणीघराचे दार बंद होते.

तेव्हापासून मी भीत जगलो. तो कागद माझ्या तळाशी होता आणि अडतीसभोवतीचा लाल गोल त्याच्यावर होता. खरे काय ते तिघांना ठाऊक होते. कोच, एलिसेओ आणि मी. कोच तो कागद जाळू शकले असते. पण जाळला आणि पुढच्या मोसमात हरलो तर? जपून ठेवला आणि कुणी पाहिला तर? या दोन भीतींच्या मधे मी हिवाळाभर त्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात पडून होतो. कधी कधी ते खण उघडत, कागदाचे टोक वर करून बघत, गोल अजून आहे याची खात्री करून घेत आणि खण लावत. गोल कुठे जाणार होता?

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गवत वाळून काट्यासारखे झालेले, हवा बेकरीच्या भट्टीसारखी. पहिल्याच दिवशी पोरांच्या खोलीत भिंतीवर फूटभर उंचीची अक्षरे दिसली. 'जबाबदारी.' कोचनी स्वतः रंगवली होती. त्यांचे म्हणणे असे की, मागच्या वर्षी आपण ताकदीत कमी पडलो नाही, जबाबदारीत कमी पडलो. त्यासाठी नवा नियम. ज्याची चूक होईल त्याने सगळ्यांसमोर उभे राहून 'चूक माझी' म्हणायचे आणि स्टँडच्या बासष्ट पायऱ्या पळत चढून उतरायचे.

"कोण सुरुवात करतंय?" कोचनी विचारले. त्यांना वाटले, कुणी तरी बूट विसरल्याचे सांगेल.

एलिसेओ उभा राहिला. "मागच्या वर्षीचा शेवटचा डाव. खूण मी चुकीची वाचली. चूक माझी."

आणि तो पळत सुटला.

माझा चिमटा कोचच्या बोटांखाली कुरकुरला. पोरगा उपरोधाने बोलला असता तर बरे झाले असते. तसे नव्हते. नऊ महिने सगळ्या गावाने सांगितल्यावर त्यालाच ते खरे वाटू लागले होते. आपल्याच डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. बासष्ट पायऱ्या वर, बासष्ट पायऱ्या खाली. कोच मोजत होते, कारण काहीतरी करायला हवे होते.

त्यानंतर काय होऊ लागले ते बचावाचे कोच ऑर्व्हिल ड्रॅक यांनी आधी हेरले. हे वयाने सत्तरीचे, टॅकेटांचेही जुने गुरुजी. तंबाखूची गोळी गालात ठेवून ते म्हणाले, "व्हर्लिन, पोरगं खूण एकदा बघतं, मग दुसऱ्यांदा बघतं. चेंडू हातात आल्यावर तिसऱ्यांदा बघतं."

"शिकेल."

"शिकेपर्यंत मोडेल. चेंडू धरून उभा राहिलेला क्वार्टरबॅक म्हणजे रस्त्यात बसलेलं हरीण आहे रे. तिथं गाडी यायचीच."

"मी त्याला पायऱ्या देतो की."

"पायऱ्यांनी पाय मजबूत होतात," ऑर्व्हिल थुंकले. "त्याच्या पायांना काय झालंय?"

ती गाडी शनिवारी आली. मोसमाच्या आधी शेजारच्या गावाबरोबर एक सरावाचा सामना असतो. त्याचे गुण कुणी धरत नाही. कोचनी खूण केली. एलिसेओने पाहिले. पुन्हा पाहिले. चेंडू हातात आला आणि तो तिसऱ्यांदा बाजूला, आमच्याकडे, वळला. मी त्या वेळी काखेत नव्हतो. कोचनी मला छातीशी धरले होते. त्यामुळे मला त्याचे डोळे सरळ दिसले. ते विचारत होते, मी बरोबर वाचलंय ना?

मागून समोरच्या संघाचा एक पोरगा आला. टॅकेटांच्या फ्रिजएवढा होता. आवाज असा झाला की स्टँडमधले आईस्क्रीम खाणारे थांबले.

एलिसेओ गवतावर पडला आणि हलेना.

मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पुठ्ठ्याला घड्याळ नसते. कोच पळत होते आणि मी त्यांच्या हातात वर-खाली होत होतो. आकाश, गवत, आकाश, गवत. कोचच्या तोंडून एकच शब्द येत होता, "नको, नको, नको." औषधपाणी बघणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी बोटे धरायला सांगितली. त्याने धरली. पाय हलवायला सांगितले. त्याने हलवले. श्वास अडकला होता, तो सुटला. त्याने डोळे उघडले, कोचना पाहिले आणि म्हणाला, "सर, खूण परत दाखवता?"

बरगड्यांना मार होता, बाकी काही नाही. आठवडाभर विश्रांती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोच बाजूला जाऊन पाण्याच्या पिंपामागे ओकले. मी पिंपावर होतो.

त्या संध्याकाळी जोलीनबाई पावट्यांच्या शेंगा सोलत होत्या. कोच म्हणाले, "पुढच्या वेळी तो उठणार नाही."

"मग सांग की त्याला, खूण बरोबर वाचली होतीस म्हणून."

कोचनी मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"नऊ महिने तू खण उघडतोयस आणि लावतोयस. मला आधी वाटलं, दुसरी बाई आहे. मी कुलूप उघडून बघितलं. पुठ्ठा निघाला." त्यांनी एक शेंग मोडली. "बाई असती तर निदान बोलता तरी आलं असतं."

"सांगितलं तर नोकरी जाईल, जो."

"हो, जाईल," त्या म्हणाल्या. त्या काही खोटे बोलून धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

गुरुवारी समर्थक मंडळाची सभा होती. शाळेच्या भोजनगृहात दरवर्षी ती होते. भाजलेले मांस, घेवडा, गोड गार चहा. आणि कोच उभे राहून नव्या मोसमाची तयारी सांगतात. एलिसेओ आपल्या आईबापांबरोबर मागच्या टेबलावर बसला होता, बरगड्यांना पट्टा बांधून. त्या टेबलावर दुसरे कुणी बसलेले नव्हते.

क्रेनशॉ उठले. "कोच, मंडळातर्फे तुझ्यासाठी भेट!" त्यांनी एक चकचकीत टॅब्लेट वर धरली. "यात सगळे डाव मावतात. आता ही एकोणीस वर्षांची फळकुटी पुरे. ही आपण आज सोडतीत लावू. ज्याचं नाव निघेल त्याला कोचचा पुठ्ठा, मागच्या वर्षीच्या कागदांसकट!"

आणि त्यांनी मला टेबलावरून उचलले.

मित्रांनो, एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर सोडतीत जाणे हे दुःखच आहे. पण त्या क्षणी मला दुःख झाले नाही. मला फक्त भीती वाटली. क्रेनशॉंचा चिकट अंगठा माझ्या चिमट्यावर होता. त्यांनी तो दाबला. कागद सुटे झाले. पहिला उलटला. दुसरा. खाली आणखी चार होते, आणि त्यांच्याखाली तो. तिसरा उलटला.

"थांबा!" कोच ओरडले.

सगळे भोजनगृह थांबले. वाढपी बाईंचा डाव घेवड्याच्या पातेल्यावर अधांतरी राहिला.

"तो पास मी सांगितला होता," कोच म्हणाले. आवाज घोगरा होता. "अडतीस नंबर. पोराने खूण बरोबर वाचली होती. दोनदा वाचली होती. मी रेडिओवर खोटं बोललो. कागद तळाशी आहे, गोल केलेला आहे, बघा. डॉयल, तू बघतच होतास."

क्रेनशॉंनी हातातल्या कागदाकडे पाहिले. "मी? मी तर सॉस पुसायला कोरा कागद शोधत होतो."

  क्रेनशॉ आता लाल होऊ लागले. "म्हणजे तू सामना घालवलास आणि नऊ महिने—"

"गुडघा टेकला असता तर जिंकलो असतो," कोच म्हणाले. "मी तुला भ्यालो. हे कारण नाही, नुसतं सांगतोय. पेन्सिल माझ्या हातात होती. चूक माझी."

क्रेनशॉंनी तोंड उघडले आणि कोण कोण आपल्याकडे बघते आहे ते पाहून मिटले.

मागच्या टेबलावरून ओफेलिया बाका उठल्या. एलिसेओची आई. लहानखुऱ्या बाई, टायरच्या दुकानात पंक्चरही त्याच काढतात. त्या ओरडल्या नाहीत.

"कोच, मला एक सांगा. आमच्या दारातले फलक कोण काढणार? आम्ही नाही काढले. माझा नवरा म्हणाला, पोराची चूक आहे, राहू देत, त्याला दिसू देत." त्यांचा नवरा ताटलीकडे बघत होता. "नऊ महिने माझा मुलगा त्या फलकांमधून शाळेत गेलाय."

"मी काढतो," कोच म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

 एलिसेओने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि पहिल्यांदाच ते टेबलावर ठेवले.

मग जे झाले ते मी गाडीच्या पुढच्या सीटवरून पाहिले, कारण घाईत कोच मला तिथे टाकून उतरले होते. चांगल्या कपड्यांत त्यांनी तीनही फलक उपटले. जमीन दगडासारखी होती, वेळ लागला. बाका मंडळी ओसरीत उभी होती. तिसरा निघेना, तेव्हा एलिसेओ पट्टा सावरत पुढे आला.

"तू नको. बरगड्या," कोच म्हणाले.

"मी ओढत नाही, सर. डावीकडं हलवा. तिथं दगड आहे. मी रोज बघतो."

कोचनी डावीकडे हलवला. फलक निघाला. ते तसेच वाकून राहिले आणि म्हणाले, "तू बरोबर वाचलं होतंस. तुझे डोळे बरोबर आहेत. कळलं?"

"हो, सर," एलिसेओ म्हणाला. मग दगडावरची माती पायाने सारत, "मला वाटलंच होतं."

तीनही फलक कोचनी घरी आणले आणि स्वतःच्या अंगणात ओळीने रोवले. जोलीनबाईंनी खिडकीतून सांगितले की मधला वाकडा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक परगावचे जोडपे येऊन घराला किती खोल्या आहेत ते विचारून गेले.

सोडतीत मी गेलो नाही. जिच्यावरून एवढे झाले ती वस्तू आपल्या घरात कुणालाच नको होती.

एलिसेओ त्या मोसमात चेंडू धरून एकदाही उभा राहिला नाही. खूण एकदा बघायचा आणि चेंडू सोडायचा. चुकीच्या माणसाकडे पुष्कळदा गेला, पण वेळेवर गेला. दहाच्या दहा सामने खेळून तो धडधाकट घरी आला. ओफेलियाबाई पहिले दोन सामने डोळे मिटून बसल्या. तिसऱ्यापासून उघडले.

टॅकेटांचे कोचपद डिसेंबरात गेले. आता ते त्याच शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवतात, आणि मी त्यांच्या मांडीवर असतो. कुणी गाडी भिंतीच्या किती जवळ नेली ते माझ्यावर लिहितात. खरी भीती काय असते ते मला आता नव्याने कळते आहे. टॅब्लेट नव्या कोचकडे गेली. उन्हात तिच्यावर काही दिसत नाही, असे ऐकतो.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. कडा फुगल्या, चिमट्याची स्प्रिंग ढिली पडली. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या पॅडच्या तळाशी एखादा कागद असेल, जो दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवला आहे, तर तो वेळेवर बाहेर काढा. चिमटा मुका असतो, पण त्याला ओझे लागते. आणि वापरून झाल्यावर आम्हाला कोरड्या जागी ठेवा.

माझ्या तळाचा तो अडतीस नंबरवाला कागद अजून तिथेच आहे. रीत अशी की पुढचा विजय मिळेपर्यंत तो काढायचा नाही, आणि त्या मोसमात आम्ही दहाच्या दहा सामने हरलो.